कोट्टयमचा संपादक : कंडत्तिल वर्गीस माप्पिळा



रविवारची मिस्सा संपली की चर्चच्या आवारात दहा-पंधरा मिनिटे गप्पा रंगतात. त्यात एखादी वयस्कर मावशी जुन्या काळची गोष्ट सांगू लागते. कुठल्या विहिरीचे पाणी कधी आटले नाही, कुठल्या साथीत गाव कसा वाचला, कुणाच्या लग्नात वरात नदीपलीकडे अडकली. ऐकणारे हसतात, हळहळतात आणि कुणीतरी म्हणतोच की हे सगळे लिहून ठेवायला हवे. मग सगळे घरी जातात. लिहीत कुणीच नाही. चार वर्षांनी ती मावशी देवाघरी जाते आणि तिच्याबरोबर गावाचा एक कोपरा कायमचा काळोखात जातो.

आज ज्या माणसाची ओळख करून द्यायची आहे, तो अशाच गप्पा ऐकत बसायचा. फरक एवढाच की ऐकून झाल्यावर तो नुसता घरी गेला नाही. सांगणाऱ्याला त्याने कागद दिला, छापखाना दिला आणि वाचकही मिळवून दिले. केरळात हे नाव घरोघरी माहीत आहे. आपल्याकडे मात्र फार थोड्यांनी ऐकले असेल. ते नाव म्हणजे कंडत्तिल वर्गीस माप्पिळा, 'मलयाळ मनोरमा' या वृत्तपत्राचे संस्थापक.

वर्गीस म्हणजे आपल्याकडचा जॉर्ज. 'माप्पिळा' हे आडनाव नव्हे, मानाचे उपपद आहे. मलबारात ते मुस्लिम बांधवांना लावतात, तर त्रावणकोरात सिरियन ख्रिस्ती लोकांना लावत. वर्गीस माप्पिळा हे सिरियन ख्रिस्ती, पण आपल्यासारखे कॅथलिक नव्हेत. ते मलंकरा सभेच्या परंपरेतले. तरीही त्यांचे जीवन आपण समजून घ्यावे असे मला वाटते, कारण चांगुलपणाला सभेच्या सीमा नसतात.

छापखान्यांचे गाव

वर्गीस माप्पिळा यांचा जन्म १८५७ साली झाला. हेच आपल्या देशातील बंडाचे वर्ष. त्यांचे कंडत्तिल घराणे तिरुवल्ला परिसरातले. तेव्हाचे केरळ आजच्यासारखे एक राज्य नव्हते. दक्षिणेला त्रावणकोर संस्थान, मध्ये कोची संस्थान आणि उत्तरेला इंग्रजांचा मलबार जिल्हा, अशी मल्याळम बोलणाऱ्यांची तीन ठिकाणी वाटणी झालेली होती. भाषा एक, पण राज्ये तीन. या लोकांना एकत्र बसवील अशी सामाईक जागाच नव्हती.

छपाई मात्र त्या भूमीला नवी नव्हती. कोट्टयममध्ये बेंजामिन बेली या मिशनऱ्याने १८२१ मध्ये छापखाना सुरू केला होता. उत्तरेला तलश्शेरीजवळ हर्मन गुंडर्ट यांनी १८४७ मध्ये पहिले मल्याळम वृत्तपत्र काढले. आपल्या कॅथलिक सभेचे संत कुरियाकोस एलियास चावरा यांनी १८४६ मध्ये मान्नानम इथे लाकडी छापयंत्र घडवून घेतले. यंत्र पाहायलाही मिळेना, तेव्हा त्याचा नमुना केळीच्या खांबातून कोरून सुताराला समजावला, अशी आठवण तिथे आजही सांगतात. त्याच मान्नानमच्या छापखान्यातून १८८७ मध्ये 'नसरानी दीपिका' हे वृत्तपत्र बाहेर पडले. त्याचे पहिले संपादक निधीरिक्कल माणी कत्तनार हे धर्मगुरू होते.

वर्गीस माप्पिळा पत्रकारिता शिकले ते कोचीमध्ये. देवजी भीमजी हे गुजराती व्यापारी तिथे छापखाना चालवत. १८८१ मध्ये त्यांनी 'केरळमित्रम्' हे मल्याळम पत्र सुरू केले आणि त्याचे संपादकपद चोवीस वर्षांच्या वर्गीस यांच्याकडे आले. कच्छ-काठियावाडकडची बोली बोलणारा मालक, सिरियन ख्रिस्ती संपादक आणि वाचक सर्व जातिधर्मांचे. वर्गीस माप्पिळांच्या पुढच्या आयुष्याची दिशा इथेच ठरली असावी. पत्र कुणाच्या मालकीचे आहे यापेक्षा ते कुणासाठी आहे, हा प्रश्न मोठा.

शंभर रुपयांचा भाग, तोही हप्त्याने

१४ मार्च १८८८ रोजी त्यांनी कोट्टयममध्ये 'मलयाळ मनोरमा कंपनी' स्थापन केली. पैसा कुठून आणायचा? कुण्या राजाने दिला असता तर पत्र राजाचे झाले असते. एखाद्या सावकाराने दिला असता तर सावकाराचे. वर्गीस माप्पिळांनी वेगळा मार्ग धरला. प्रत्येकी शंभर रुपयांचे शंभर भाग काढले. शंभर रुपये ही त्या काळी लहान रक्कम नव्हती, म्हणून ती चार समान हप्त्यांत भरण्याची सोय ठेवली. पहिल्या हप्त्याचे पैसे जमताच छापयंत्र विकत घेतले. प्रकाशनाच्या धंद्यातली भारतातील ही पहिली भागभांडवली कंपनी मानली जाते.

यंत्र लंडनच्या हॉपकिन्सन अँड कोप कंपनीचे होते, पण त्यासाठी मल्याळम अक्षरांचे खिळे हवे होते. ते कोंती आचारी नावाच्या स्थानिक कारागिराने घडवले. हा तपशील मला फार आवडतो. यंत्र परदेशी, अक्षर मात्र आपल्या माणसाच्या हातचे.

पुढचा प्रश्न नावाचा. राघवन नंबियार या कवीने 'मलयाळ मनोरमा' हे नाव सुचवले. मनोरमा म्हणजे मनाला रमवणारी. त्रावणकोर संस्थानच्या राजचिन्हात थोडा बदल करून ते पत्राचे बोधचिन्ह म्हणून वापरण्याची परवानगी महाराज मूलम तिरुनाळ यांच्याकडून मिळवली. मलंकरा सभेचे महागुरू पुलिक्कोट्टिल जोसेफ मार दिवन्नासिओस यांचे पाठबळही त्यांना लाभले. आता विचार करा. संस्थापक ख्रिस्ती, पाठीराखे ख्रिस्ती महागुरू, नाव सुचवणारा हिंदू कवी आणि चिन्ह हिंदू राजाच्या दरबाराचे. समाजाचे पत्र काढणे ही चांगलीच गोष्ट आहे आणि 'दीपिके'ने ते काम निष्ठेने केले. वर्गीस माप्पिळांनी मात्र पत्राला समाजाचे नाव न देता भाषेचे नाव दिले. जो कुणी ही भाषा बोलतो त्याला हे पत्र आपले वाटावे, ही त्यांची इच्छा होती. आजकाल ज्याला 'ब्रँड' म्हणतात तो घडवण्याचे त्यांचे सूत्र एवढेच होते.

२२ मार्च १८९० रोजी पहिला अंक निघाला. चार पाने, आठवड्यातून एकदा. त्या दिवसांत कोट्टयममध्ये गुरांचा मोठा बाजार भरलेला होता. बैल पाहायला आलेल्या शेतकऱ्यांच्या गर्दीत एक नवे वृत्तपत्र जन्माला आले.

पहिला अग्रलेख

नवे पत्र पहिल्या अंकात सहसा काय लिहिते? राजाची स्तुती, आश्रयदात्यांचे आभार, स्वतःची ओळख. 'मनोरमे'चा पहिला अग्रलेख पुलया समाजाच्या शिक्षणावर होता.

पुलया म्हणजे भातशेतीत राबणारे, अस्पृश्य मानलेले लोक. सवर्णांपासून किती पावलांवर उभे राहायचे, याचेही त्यांच्यासाठी नियम होते. ज्यांना सरकारी शाळेच्या दारात पाय ठेवता येत नव्हता, त्यांच्या मुलांना शिकू द्या, अशी मागणी या पत्राने जन्मदिनीच केली. पुलयांपैकी कुणी ते पत्र विकत घेणार नव्हते, कारण त्यांना वाचताच येत नव्हते. उलट भाग घेणारे, वर्गणी भरणारे बहुतेक लोक सुखवस्तू घरांतले होते. म्हणजे ज्यांच्याकडून पैसा येणार त्यांना अप्रिय वाटेल अशा विषयाने सुरुवात झाली.

अर्थात एका अग्रलेखाने शाळांची दारे उघडली नाहीत. त्यासाठी पुढे अय्यंकाळी यांच्या नेतृत्वाखाली पुलया समाजाला स्वतःच झगडावे लागले. वृत्तपत्राची शक्ती किती आणि मर्यादा किती, हे यावरून कळते. पत्र अन्यायाचे नाव घेऊ शकते, लढा मात्र माणसांनाच द्यावा लागतो. तरीही नाव घेणारा कुणीतरी आधी लागतोच.

पुढच्याच वर्षी, १८९१ च्या जानेवारीत, 'मलयाळी मेमोरियल' नावाचा अर्ज महाराजांना सादर झाला. संस्थानातल्या मोठ्या नोकऱ्या बाहेरून आलेल्यांना मिळतात, त्या इथल्या लोकांना मिळाव्यात अशी ती मागणी होती. त्यावर १०,०२८ लोकांच्या सह्या होत्या आणि सह्या करणाऱ्यांत हिंदूही होते, ख्रिस्तीही होते. 'मनोरमे'ने या चळवळीला साथ दिली.

कवींना एका पंगतीत बसवले

बातमी दुसऱ्या दिवशी शिळी होते, हे संपादकाला कुणी सांगावे लागत नाही. भाषा टिकवायची तर बातमीपलीकडे जावे लागते. त्या काळात मल्याळममध्ये कवी पुष्कळ होते, पण विखुरलेले. कुणी राजवाड्यात, कुणी नंबुद्री ब्राह्मणांच्या वाड्यात, कुणी खेड्यातल्या शाळेत. एकाची कविता दुसऱ्यापर्यंत पोचायची ती ताडपत्रावर, नाहीतर तोंडोतोंडी. वर्गीस माप्पिळांनी पत्रात कवितेला नियमित जागा दिली. राजघराण्यातला पंडित आणि अनोळखी शाळामास्तर यांची नावे एकाच पानावर छापली जाऊ लागली.

१८९१ मध्ये त्यांनी कोट्टयमला कवींचा मेळावा भरवला. त्यातून 'भाषापोषिणी सभा' उभी राहिली आणि १८९२ मध्ये 'भाषापोषिणी' हे नियतकालिक सुरू झाले. भाषापोषिणी, म्हणजे भाषेला पोसणारी. केरळ वर्मा वलिय कोयि तंपुरान आणि कोडुंगल्लूर कुञ्ञिकुट्टन तंपुरान यांच्यासारखे नामवंत या कामाशी जोडले गेले. हे दुसरे तंपुरान म्हणजे संपूर्ण महाभारत एकट्याने मल्याळममध्ये आणणारे कवी.

वर्गीस माप्पिळा स्वतःही लिहीत. 'एब्रायकुट्टी' हे त्यांचे नाटक जुन्या करारातील कथेवर आहे, तर 'कलहिनीदमनकम्' हे शेक्सपिअरच्या 'द टेमिंग ऑफ द श्रू' या नाटकाचे रूपांतर. पण स्वतःच्या लेखनापेक्षा दुसऱ्याच्या लेखनाला वाट करून देण्यात त्यांचे आयुष्य खर्ची पडले. लिहिणाऱ्या माणसाला हे किती कठीण जाते, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

ऐकणारा संपादक

आता त्यांच्या जीवनातील ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येतो.

कोट्टारत्तिल शंकुण्णी हे कोट्टयमचे पंडित. जन्म १८५५ चा, म्हणजे वर्गीस माप्पिळांपेक्षा दोन वर्षांनी मोठे. १८९३ मध्ये ते कोट्टयमच्या मार डायोनिशियस सेमिनरी या शाळेत मल्याळमचे शिक्षक झाले. शाळा ख्रिस्ती, शिक्षक हिंदू. 'मनोरमे'च्या कवितांचे कामही ते पाहत. शंकुण्णी यांच्याकडे एक वेगळाच खजिना होता. देवळे, वैद्य, मांत्रिक, हत्ती, चोर, राजे, पंडित यांच्या असंख्य दंतकथा त्यांना तोंडपाठ होत्या. काम संपल्यावर मंडळी गप्पांना बसली की शंकुण्णी गोष्टी सांगत आणि वर्गीस माप्पिळा तल्लीन होऊन ऐकत.

एके दिवशी त्यांनी शंकुण्णींना या गोष्टी लिहून काढण्याचा आग्रह केला. 'मनोरमे'त आणि 'भाषापोषिणी'त त्या छापू आणि पुढे त्यांचे पुस्तकही करू, असा त्यांचा विचार होता. शंकुण्णींनी काही कथा लिहिल्या, त्या छापून आल्या आणि लोकांना आवडल्या.

त्यातली एक कथा इथे थोडक्यात सांगतो. वररुची नावाचा विद्वान ब्राह्मण आणि परया या अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्मलेली त्याची पत्नी असे दोघे प्रवास करत होते. वाटेत मूल जन्मले की वररुची विचारायचा, बाळाला तोंड आहे का? आहे म्हटले की तो ते तिथेच ठेवायला सांगे, कारण ज्याने तोंड दिले तो अन्नही देईल. अशी अकरा मुले मागे राहिली आणि वेगवेगळ्या घरांनी ती वाढवली. एक ब्राह्मण झाला, एक सुतार, एक धोबी, एक परया. बारावे मूल झाले तेव्हा आईने, निदान हे तरी जवळ राहावे म्हणून, त्याला तोंड नाही असे सांगितले. पाहतात तो खरेच तोंड नव्हते. त्या मुलाची टेकडीवर देव म्हणून स्थापना झाली. आणि बाकीची भावंडे दरवर्षी बापाच्या श्राद्धाला एका घरी जमत राहिली.

जाती वेगळ्या, पण आईबाप एकच. पुलया मुलांच्या शिक्षणावर पहिला अग्रलेख लिहिणाऱ्या संपादकाला ही कथा आवडली असेल तर नवल नाही. पिढ्यान्‌पिढ्या सामान्य लोक ही गोष्ट सांगत आले होते. म्हणजे समतेचा विचार बाहेरून आणावा लागला नव्हता. तो घरातल्या गोष्टीतच होता, फक्त कुणी नीट ऐकला नव्हता.

याच कथासंग्रहात कडमट्टत्त कत्तनार या सिरियन ख्रिस्ती धर्मगुरूचीही गोष्ट आहे. हे कत्तनार मंत्रविद्या जाणणारे आणि यक्षिणीला वठणीवर आणणारे. (सभेची शिकवण म्हणून नव्हे, दंतकथा म्हणून वाचावी!) एका हिंदू पंडिताने ख्रिस्ती धर्मगुरूची आख्यायिका जिव्हाळ्याने लिहिली आणि देवळांच्या आख्यायिका लिहा म्हणून त्याच्यामागे लागला तो एक ख्रिस्ती संपादक. धर्माधर्मांतील संवादावर आपण सभा भरवतो, ठराव करतो. कोट्टयमला तो कामानंतरच्या गप्पांत चालला होता.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना प्लेटोचा एक संवाद आम्हाला अभ्यासाला होता. त्यात सॉक्रेटिस लेखनाबद्दल शंका घेतो. लिहून ठेवले की माणूस स्मरण करायचे सोडून देईल आणि लिहिलेला शब्द प्रश्न विचारल्यावर उत्तर देणार नाही, अशी त्याची भीती. तेव्हा मला ती शंका फार खोल वाटली होती. आजही वाटते. पण तिचे उत्तर मला शंकुण्णींच्या पुस्तकात मिळाले. ज्या गोष्टी लिहिल्या गेल्या त्या मेल्या नाहीत, त्या पुन्हा लोकांच्या तोंडी गेल्या. कायंकुळम कोच्चुण्णी या दरोडेखोराच्या कथेवर १९६६ मध्ये चित्रपट निघाला आणि २०१८ मध्ये पुन्हा निघाला. कडमट्टत्त कत्तनार दूरदर्शन मालिकेतून घराघरांत पोचले. लेखन स्मरणशक्तीचा शत्रू होत नाही. कुणी आधी ऐकले असेल, तर लेखन स्मरणशक्तीचा वारस होते.

अपुरी राहिलेली इच्छा

६ जुलै १९०४ रोजी वर्गीस माप्पिळा यांचे निधन झाले. वय अवघे सत्तेचाळीस. १९०१ पासून पत्र आठवड्यातून दोनदा निघू लागले होते. त्यापलीकडची वाढ त्यांना पाहता आली नाही. शंकुण्णींच्या कथांचे पुस्तकही त्यांच्या हयातीत झाले नाही.

पण बी रुजले होते. 'ऐतिह्यमाला' या नावाने कथांचा पहिला भाग १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला, तोही दुसऱ्याच प्रकाशकाच्या हातून. पुढचे भाग येत राहिले आणि १९३४ पर्यंत आठ भागांत १२६ कथा पूर्ण झाल्या. पुस्तक कसे जन्मले हे सांगताना शंकुण्णींनी आपल्या दिवंगत मित्राची आठवण प्रस्तावनेत नोंदवून ठेवली. १९३७ मध्ये शंकुण्णीही गेले. पहिल्या प्रोत्साहनापासून शेवटच्या भागापर्यंत तीन तपे उलटली होती. आपण पेरतो, कापणी दुसराच करतो, हे प्रभूने शिष्यांना सांगितलेले सत्य इथे अक्षरशः खरे ठरले.

वृत्तपत्राची धुरा पुतणे के. सी. माम्मेन माप्पिळा यांनी घेतली. १९१८ मध्ये पत्र आठवड्यातून तीनदा निघू लागले आणि १९२८ मध्ये दैनिक झाले. जबाबदार राज्यपद्धतीची मागणी करणारे हे पत्र संस्थानचे दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांना सलू लागले. १९३८ मध्ये त्यांनी छापखान्याला टाळे ठोकले. माम्मेन माप्पिळांना तुरुंगात जावे लागले. काही महिने पत्र कोची संस्थानातल्या कुन्नमकुळम इथून निघाले, मग तेही थांबले. देश स्वतंत्र झाल्यावर, २९ नोव्हेंबर १९४७ रोजी, 'मनोरमा' पुन्हा सुरू झाली. नऊ वर्षे वाचकाने वाट पाहिली. यंत्राला टाळे लागते, वाचकाच्या मनातल्या जागेला लागत नाही. ती जागा वर्गीस माप्पिळांनी पूर्वीच कमावून ठेवली होती. आज 'मलयाळ मनोरमा' भारतातील सर्वाधिक खपाच्या प्रादेशिक दैनिकांत गणली जाते.

आपल्यासाठी

वर्गीस माप्पिळांच्या जीवनाकडे पाहताना खपाचे आकडे मला तितके महत्त्वाचे वाटत नाहीत. पत्र मोठे झाले ते भांडवलामुळे, यंत्रामुळे, चिकाटीमुळे, हे खरेच. पण या सगळ्याच्या मुळाशी एक साधी सवय होती. जवळ बसलेल्या माणसाची गोष्ट मोलाची आहे असे मानणे. शंकुण्णी रोज भेटणारे, ओळखीचे मास्तर होते. ओळखीच्या माणसात दडलेला कथाकार ओळखणे सर्वांत कठीण. प्रभू येशूलाही स्वतःच्या गावात मान मिळाला नाही, हे आपण शुभवर्तमानात वाचतोच.

आपल्या गावच्या बोलीतही गोष्टी आहेत. पेरणीच्या, दर्याच्या, लग्नातल्या गाण्यांच्या, साथीच्या आणि पुराच्या. त्या सांगणारी माणसे आपल्याच बाकांवर बसतात. त्यांतली काही आता मिस्सेलाही येऊ शकत नाहीत; पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला गेलो की ती मला भेटतात. पेला बाजूला ठेवून ती बोलू लागतात आणि मी घड्याळाकडे पाहत पुढच्या घरी निघतो. हा लेख लिहिताना माझे मलाच ते टोचले.

म्हणून एक छोटीशी सुरुवात करू या. चर्चच्या मागच्या दाराजवळ टेबलावर एक वही ठेवली आहे. तरुणांनी आपल्या आजी-आजोबांची एकेक गोष्ट तिच्यात लिहावी. शुद्धलेखनाची काळजी करू नये आणि बोलीतले शब्द बदलू नयेत. गोष्ट कुणी सांगितली त्याचे नाव मात्र आधी लिहावे, लिहिणाऱ्याचे नंतर. वही भरली की या पत्रिकेचे मागचे पान त्या गोष्टींसाठी राखून ठेवू.

आज घरी गेल्यावर जेवणानंतर टीव्ही लावण्याआधी पंधरा मिनिटे घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. काही विचारायचे सुचले नाही तर एवढेच विचारा की, तुमच्या लहानपणी या घरासमोर काय होते? मग ऐकत राहा.

आपला,
धर्मगुरू